मागच्या चाकाची हवा

"दाजी, आज मागला चाक कडक भरा."

सायकलच्या दुकानात गुरुदास मास्तरांनी हे हळू आवाजात सांगितले आणि रस्त्यापलीकडे बघायचे टाळले. पलीकडे फणसाच्या सावलीत, एस.टी. थांबते तिथल्या चिऱ्यावर, त्यांची बायको सुगंधा बसली होती. मांडीवर गोधडीची घडी, पायाशी कापडी पिशवी. तिला ऐकू जाण्यासारखे नव्हते. तरी मास्तरांना चोरी करताना सापडल्यासारखे वाटले.

तीन महिन्यांपूर्वी ती विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिची कंबर धरली. तेव्हापासून दर शनिवारी बोर्डाची सकाळची शाळा सुटली की मास्तर तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून मालवणला डॉक्टरकडे नेत. इंजेक्शन घेऊन दिवेलागणीला परत. एस.टी. होती, पण दुपारी गेलेली दुसऱ्या दिवशी सकाळी यायची, आणि घरी दुभती गाय.

पहिल्या शनिवारी चाक टणक होते. रस्ता सगळा खडीचा. प्रत्येक खड्ड्याला सुगंधा पदर दातांत धरत होती. परत आल्याबरोबर मास्तरांनी दाजीला बजावले, यापुढे मागच्या चाकात हवा कमी, अंगठा रुतला पाहिजे. दाजीचे केस सायकली दुरुस्त करण्यात पिकलेले.

"मऊ चाक ओढताना तुमचो जीव जातलो, मास्तरानु."

"जावंदे," मास्तर म्हणाले होते.

सायकल दाजीच्या दुकानातच असायची, कारण मास्तरांचे घर खाली माडांत, साठ पायऱ्या उतरून. सुगंधा कंबर सांभाळत आधी चढून यायची. गायीला गवत घालून, दाराला कडी लावून मास्तर मागाहून. तोवर चाक भरून तयार. आणि दाजीने अंगठ्याने दाबून पसंत केलेल्या टायरला दुसऱ्या कुणी बोट लावायचे नाही, हा तिथला रिवाज. लावले तर म्हातारा आठवडाभर बोलायचा नाही. मास्तरांनी कधी लावले नाही.

पण मऊ चाकाने मास्तरांचा पिट्टा पाडला. सुरुवातीला कुंभारमाठाचा चढ ते एका दमात काढत. मग मधल्या वळणावर उतरावे लागले. मग चढ लागायच्या आधीच. गेल्या शनिवारी तर मोरीच्या कठड्यावर ते पाव तास बसून राहिले. सदरा भिजून पाठीला चिकटलेला, डावा हात बधिर. हँडल घट्ट धरल्यामुळे, ते म्हणाले.

आज तर त्यांना वर्गात फळ्यापर्यंत जाववले नाही, खुर्चीवर बसूनच मुलांकडून पाढे म्हणवून घेतले. त्या मऊ चाकाचा त्यांना राग यायला लागला होता, आणि खरे सांगायचे तर त्या चाकावर बसणाऱ्या माणसाचाही थोडा. त्याच रागाची त्यांना लाज वाटत होती. पण माणूस थकला की लाजसुद्धा फार वेळ धरून ठेवता येत नाही. एकच शनिवार तिने धक्के सोसावेत, एवढेच त्यांचे मागणे होते.

दाजीने पंपाला हात लावला नाही. फडक्याला हात पुसत तो उभा राहिला.

"मास्तरानु, चाक कडकच आसा."

"कोणी सांगल्यान आज?"

"आजचा नाय. तीन म्हयने कडकच भरतंय. तुमी मऊ सांगून गेलास, आणि पुढल्याच शनवारी वैनी माका म्हणाली, कडक भरा, ह्यांका दम लागता. तुमका सांगूचा नाय म्हणान शपथ घातल्यान." त्याने फडके खांद्यावर टाकले. "आज तीच म्हणाली, आता सांगा."

मास्तर उकिडवे बसले. रिवाज बाजूला ठेवून त्यांनी टायरवर अंगठा दाबला. तो रुतला नाही. मग दोन्ही अंगठे लावले. टायर दगडासारखा. तीन महिने सगळा दोष त्यांनी या चाकावर घातला होता, आणि चाक बिचारे पहिल्यापासून चोख होते.

त्यांनी मान वर करून पलीकडे पाहिले. कॅरिअरवर अंथरायची ती गोधडी दर शनिवारी एकेका घडीने जाड होत गेली होती, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आले.

रस्ता ओलांडून ते तिच्यापाशी गेले. पिशवीचे तोंड उघडे होते. आत त्यांचा धुतलेला सदरा, धोतर, पंचा आणि त्यांचा पितळी पेला. तिचे त्यात काहीच नव्हते.

"ह्या सगळा कित्याक?"

"सायकल ऱ्हवांदे आज. एस.टी. येतली आता. गायीक शेजारची हौसाबाय बघतली."

"आणि तुजा इंजेक्शन?"

"माजा ऱ्हवांदे. गेल्या शनवारी मी डॉक्टराक सगळा सांगलंय. ते म्हणाले, तेंका घेवन ये, पण सायकलीवरसून नको."

"माका काय झाला? तो चढ... ता चाक..."

वळणावर एस.टी.चा हॉर्न वाजला. सुगंधा एक हात कमरेवर ठेवून उठली. मास्तर पिशवी उचलायला वाकले, तर तिने ती आधीच घेतली.

"तीन म्हयने मागे बसतंय मी," ती म्हणाली. "चाकाचो आवाज येगळो, तुमच्या छातीचो येगळो."