चौदा नंबरचं इंजेक्शन

अकराच्या सुमारास ती दचकून उठली. अंगावर युनिफॉर्म तसाच होता. बदलीची सिस्टर आली नाही म्हणून काल दुपारपासून आज सकाळपर्यंत दोन ड्यूट्या सलग झाल्या होत्या. घरी आल्यावर ती कधी आडवी झाली, तेही आठवत नव्हतं.

एवढं मात्र पक्कं आठवत होतं, की चौदा नंबरच्या आजोबांना तिने इन्सुलिन टोचलं होतं. ते म्हणत होते, "अगं, झालं की माझं मघाशीच!" त्यावर ती म्हणाली होती, "सुई दिसली की सगळ्यांचं मघाशीच झालेलं असतं." मग त्यांनी मुकाट्याने दंड पुढे केला होता.

खरंच झालेलं असलं तर?

वॉर्डातला फोन कुणी उचलेना. तीस पेशंटांमागे दोन सिस्टर, उचलणार तरी कोण! तिने चपला घातल्या. बाहेरच्या खोलीत बाबा खुर्चीतच झोपले होते. एरवी या वेळी ते टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत असतात. आज म्हाताऱ्याचाही डोळा लागलाय तर लागू दे. त्यांच्या बिनसाखरेच्या चहाला तोंडही लागलं नव्हतं, त्यावर तिने झाकण ठेवलं आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.

बसमध्ये जीव थाऱ्यावर नव्हता. मिनिटभर थांबून फाइल बघितली असती तर काय बिघडलं असतं? दुसऱ्या ड्यूटीला नाही म्हटलं असतं तर? बाबा कधीचे कानीकपाळी ओरडत होते, "एक दिवस कुणाचं तरी बरंवाईट करून बसशील." दुप्पट इन्सुलिन गेलेला माणूस आरडाओरडा करत नाही. नुसता पडून राहतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, झोपलाय. तिला स्वतःचा संताप आला आणि रडूही आलं.

चौदा नंबर डोळे मिटून निपचित पडले होते. तिने त्यांना गदागदा हलवलं.

"काय कटकट आहे!" आजोबा खेकसले. "आत्ता कुठे जेवून पडलो होतो!"

ती मटकन स्टुलावर बसली. एवढी गोड शिवी तिने आयुष्यात खाल्ली नव्हती.

सकाळच्या ड्यूटीवरची मैत्रीण धावत आली. सगळं ऐकून तिने फाइलच पुढे धरली. इन्सुलिनची एकच नोंद होती, एकच सही.

"सातला आल्या आल्या मीच दिलं त्यांना. तू तर पर्स उचलून निघाली होतीस. अगं, स्वप्न पडलं असेल तुला."

"स्वप्न कसलं? सुई काढली की घड्याळ बघायची सवय आहे मला. साडेआठ झाले होते."

"साडेआठ? तेव्हा तर तू घरी असशील."

ती स्टुलावरून ताडकन उठली. बाबा आपलं इन्सुलिन रोज आठच्या ठोक्याला घेतात, स्वतःच्या हाताने.