काठाची नोटीस

नातसून तृप्ती आमच्या आंधळगावच्या कोशाच्या रेशमी साड्या मोबाईलवर विकते. दिल्लीच्या कंपनीची नोटीस आली. काठावरची नक्षी म्हणे त्यांच्या नावावर नोंदलेली, विकणं थांबवा. ही नक्षी माझ्या सासूबाईंची, गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं तेव्हापासूनची. वकिलांनी विचारलं, "आजी, लेखी पुरावा आहे?" सासूबाईंना सहीसुद्धा येत नव्हती. मी नोटिशीतला कंपनीच्या साडीचा फोटो चष्म्याजवळ धरला. एका फुलाचं तोंड खाली होतं. दृष्ट लागू नये म्हणून सासूबाई एक फूल उलटं विणायच्या. "साहेब," तृप्ती उसळली, "चोट्ट्यांनी नजरेचं फूलबी नाई सोडलं!" "खरंय," वकील म्हणाले, "पण दिल्लीच्या कोर्टात सांगावं लागेल. सहा-सात वर्षं तरी जातील." धंदा माझ्या नावावर, वय एक्क्याऐंशी. 'ही नक्षी पुन्हा विणणार नाही' असं लिहून दिलं. घरी मागावर त्याच काठाची अर्धी साडी होती. मुलानं विचारलं, "माय, आता समोर काय विनू?"