वाकडा शब्द

शेजारच्या ऑपरेटरने आईवरून शिवी दिली आणि माणिकने हातातला पाना त्याच्या डोक्यात घातला. माणूस जागीच गेला. अचानक डिवचल्यामुळे आरोपीचं भान सुटलं, हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध, असं कोर्ट म्हणालं. जन्मठेप टळली. सात वर्षं भोगून माणिक सुटला आणि चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिला.

तिथला सुपरवायझर तोंडाचा फाटका होता, दिवसभर एकेकाचा उद्धार करायचा. माणिकला मात्र कधी वाकडा शब्द नाही. डबा खाताना पोरं एकमेकांची टर उडवायची, पण हा शेजारी येऊन बसला की सगळी खाली मान घालून जेवायची. निदान कुणी डाफरेल म्हणून एकदा त्याने मशीनवरचे चार जॉब मुद्दाम बिघडवले.

"असू द्या माणिकभाऊ, होतं कधीकधी," सुपरवायझर म्हणाला.

मग नवीन साहेब आले. पहिल्याच सकाळी माणिकच्या मशीनपाशी थांबले आणि ओरडले, "डोळे घरी ठेवून आलास काय रे गाढवा?"

सुटून आल्यापासून माणिक पहिल्यांदा मनापासून हसला.

दुपारी कुणीतरी साहेबांच्या कानाला लागलं. चहाच्या सुट्टीत साहेब स्वतः कप घेऊन आले. "माणिकभाऊ, सकाळचं मनावर घेऊ नका हं."

"नाही साहेब," माणिक उठून एक पाऊल पुढे आला. "सकाळसारखंच बोला ना."

साहेब दोन पावलं मागे सरकले.