दुपारच्या जेवणापुरता पाहुणा

पांढरकवड्याजवळच्या रिसॉर्टात पोचल्यावर मैनाबाईंनी मुला-सुनेला खोलीकडे पिटाळलं आणि काउंटरवर हळूच सांगितलं, "एक पाहुणा वाढव बापू. रातीले नाही राहत, दुपारी जेवला का चालला."

"कोण, आजी?"

"आमचे मालक. घराले कुलूप पाहून उपाशी वापस जातीन. पंगतीत बसले का वाढप्याले घामाघूम करत, असा मानूस!"

मॅनेजर हसला. "गाडी कोणती? गेटवर सांगून ठेवतो."

"गाडी नाही लागत त्याइले."



दुपारी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेल्या ताटाला कावळा शिवेना, तेव्हा मैनाबाईंनी हात जोडले, "पोरगं तुमची तीथ विसरलं. मी त्याले सांगत नाही, तुमीबी रागावू नका. जेवून घ्या."