सूपसाँ

"आमटीत गूळ घातला नाहीस का आज?" दिगंबरनं विचारलं.

"घातलाय की. सूपसाँ," नीरजा म्हणाली.

"काय?"

"सूपसाँ. इंग्रजी शब्द आहे, मूळचा फ्रेंच. म्हणजे किंचित, जेमतेम चव लागेल इतकं. सौमित्रसरांनी सांगितला."

दिगंबरनं आमटीची वाटी हळूच बाजूला सारली.

लेक लग्न होऊन फ्रान्सला गेली, तेव्हापासून नीरजा दर शनिवारी दुपारी वारज्याहून पार विश्रांतवाडीला, जावयाशी बोलता यावं म्हणून, इंग्रजी शिकायला जात होती. "वारज्यात शिकवणारे संपले का?" असं त्यानं एकदाच विचारलं होतं. पुढे घरात उठता-बसता सर सुरू झाले. सर असं म्हणतात, सरांना तसं चालत नाही. शनिवारी इस्त्रीची साडी, ओठांना पुसटसा रंग. इंग्रजीला साडी लागते का, हे त्याच्या अगदी ओठांवर यायचं. तो ते गिळायचा. पन्नाशी उलटल्यावर बायकोवर पाळत ठेवणारा नवरा म्हणजे सोसायटीला फुकटचा तमाशा. आतल्या आत तो जळत होता, पण चेहऱ्यावर त्यानं काही म्हणून दिसू दिलं नाही.

त्या शनिवारी मात्र ती बाहेर पडली आणि त्याला राहवेना. त्यानं स्कूटर काढली. सरांची इमारत त्याला ठाऊक होती. पहिल्या दिवशी तोच तिला खाली सोडून आला होता. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला त्याला ते दोघं दिसत होते, एकाच पुस्तकावर वाकलेले.

दार उघडलं ते एका टक्कल पडलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या गृहस्थानं.

"मी नीरजाचा नवरा."

"अरे वा! या, बसा ना." सौमित्रनं लंगडत जाऊन पाणी आणलं. घरात दुसरं कोणीच नव्हतं.

दिगंबरला हसू आलं. या माणसावर आपण वर्षभर जळत होतो! काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "तुमचा तो सूपसाँ आमच्या आमटीत आला."

"नीरजाताईंना शब्दांची फार हौस. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये त्याचा खरा अर्थ संशय. अमुक एक वस्तू आहे की नाही, असा नुसता संशय यावा, इतकी थोडी. इंग्रजांनी संशय सोडून दिला, थोडेपणा तेवढा ठेवला."

"शहाणे लोक," दिगंबर म्हणाला. मनावरचं मणभर ओझं उतरलं होतं. त्यानं ग्लास रिकामा केला. "नीरजा पोचली नाही अजून? माझ्याआधी निघाली होती."

"इथे? ताईंनी दिवाळीतच क्लास सोडला."

"सोडला कसा? दर शनिवारी येते की. आत्तासुद्धा चांगली नटून निघाली."

"नटून?"

सौमित्र खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. चेहरा पार उतरला होता.

"पण मला तर म्हणाली होती, तुम्हाला आमचा संशय आलाय, म्हणून ती आता घराबाहेरच पडत नाही."