पायरीवरची जागा

चर्चच्या दारावर पोस्टर लागलं आणि आत्या शेजारणीला ओढतच घेऊन आली. “बघ गं, भाच्यानं फोटो काढलाय माझा!” फोटोग्राफर भाचा तिथंच दाराशी उभा होता. गुडघे धरून पायऱ्या चढताना ती दम खायला बसली, तेव्हाचा तो फोटो. पण बायबलमधल्या वचनाला जागा हवी होती, शिवाय तिची वाकलेली पाठ डिझाइनमध्ये खुपत होती. त्यानं कॉम्प्युटरवर तिला अलगद पुसून टाकलेलं. आत्या पोस्टरवर बोट फिरवत राहिली. तिच्या पायरीवर टपोरी अक्षरं होती: ‘थकल्याभागल्यांनो, सगळे माझ्याकडे या.’ लहानपणी हे वचन तिनंच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. “अगं, तू कुठायस?” शेजारणीनं विचारलं. आत्यानं एकदाच भाच्याकडे पाहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “ही काय,” अक्षरांवर हात ठेवून आत्या म्हणाली, “यांच्या मागे बसलेय. पोरानं सावलीत बसवलंय मला.”