साबिसुचं दुसरं कटलेट

कढईत कटलेट पडल्याचा चुर्र आवाज झाला आणि दुपारची सुस्त बाजारगल्ली जागी झाली.

एरवी दुकानदार ओकुमुराआजोबा चिझुरुच्या पुडीत वरून दोन कटलेटं टाकत आणि म्हणत, "ही साबिसु बरं का." इंग्रजीतली सर्व्हिस इथल्या जपानी दुकानांत अशी मायेनं, फुकट मिळते. मुलामागे एक, हा आजोबांचा शिरस्ता. चिझुरुची थोरली सायो तापानं गेली तेव्हा धाकटी होनोका पाळण्यात होती. आजोबा मात्र ते विसरूनच गेले होते. चिझुरुनं त्यांची चूक कधी सुधारली नाही. सायोला अजून जमेस धरणारं सगळ्या गावात हे एकच दुकान उरलं होतं. घरात तिचं नाव कुणी काढत नसे, आणि आपल्याला ताई होती हे होनोकाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आज कढईपाशी आजी होत्या. "एकच टाकलंय गं," त्या हळूच म्हणाल्या. "काल यांना सगळं सांगितलं. म्हटलं, अहो, किती दिवस तिच्या काळजाला डागण्या द्याल?"

"बरं केलंत, आजी," चिझुरु कमरेत वाकून म्हणाली.

कोपऱ्यावर, गेलेल्या लेकरांना सांभाळणाऱ्या दगडी जिझोदेवापाशी ती दरवेळी दुसरं कटलेट ठेवायची. आज ती होनोकाचा हात धरून, मान खाली घालून तशीच पुढे निघाली. होनोकानं हात सोडवून घेतला, आपलं कटलेट मोडून अर्धं जिझोच्या पायाशी ठेवलं आणि क्षणभर कान देऊन ऐकलं.



"आई, ताई विचारतेय, आज अर्धंच का?"